पुलाच्या पायाशी कोण जाते?

प्रतापगडाच्या पायथ्याला पार नावाचे गाव आहे. गावाजवळ कोयना नदीवर दगडी कमानींचा एक पूल आहे आणि तो शिवकालीन मानला जातो. पाचगणीहून महाबळेश्वरमार्गे निघालेला माणूस दोनेक तासांत तिथे पोचतो. पुलाचे खांब वरच्या अंगाला त्रिकोणी टोकाचे आहेत, त्यामुळे लोंढा खांबावर सपाट आदळत नाही. तो दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. या पुलाने ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप सोसला. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हाचा पूरही सोसला. तो अजून उभा आहे.

महाबळेश्वरच्याच डोंगरमाथ्यावर उगम पावणारी सावित्री नदी पश्चिमेला कोकणात उतरते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ तिच्यावरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन बसगाड्या, एक जयगडहून मुंबईला निघालेली आणि दुसरी राजापूरहून बोरिवलीला, आणि एक खासगी मोटार अंधारात थेट नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका तरुणाच्या लक्षात प्रकार आला आणि त्याने धावपळ करून पुढची वाहने थांबवायला लावली, म्हणून आकडा तिथे थांबला. जुन्या पुलाला लागून नवा पूल होता. मुंबईकडे जाणारी वाहने मात्र जुन्यावरूनच जात होती. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात तो सुरक्षित ठरला होता, हे दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगण्यात आले.

आता आणखी दोन पूल घेऊ. १५ जून २०२५, रविवारची दुपार. तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली मोडला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल साधारण तीस वर्षांचा होता. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच ९ जुलैला गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल सकाळी वाहने धावत असताना तुटला आणि वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. तो १९८५चा, म्हणजे चाळीस वर्षांचा. साडेतीन शतकांचा पूल उभा आणि तीस-चाळीस वर्षांचे पडतात, तेव्हा नुसते वय पाहून पुलाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

तरी आपली सगळी चर्चा वयाभोवतीच फिरते. 'इंग्लंडच्या कंपनीचे पत्र आले, आमच्या पुलाची मुदत संपली, पुढची जबाबदारी आमची नाही' ही कथा गावोगावी वेगवेगळ्या पुलांबद्दल ऐकायला मिळते. ती खरी की खोटी यात शिरत नाही, पण तिच्यातली समजूत घातक आहे. औषधाच्या बाटलीसारखी पुलालाही छापील मुदत असते, तोवर निर्धास्त राहावे आणि ती उलटली की घाबरावे, अशी ती समजूत. तिच्यामुळे नव्या पुलाकडे कोणी बघत नाही, आणि जुन्याकडे भीतीने बघतात, पण खाली उतरून बघत नाहीत. माझ्या मते छोट्या गावांच्या जुन्या पुलांचा सगळा प्रश्न दोन चौकश्यांत येतो. पुलाच्या पायाशी शेवटचे कोण गेले होते? आणि हा पूल नेमका कोणाच्या ताब्यात आहे?

पायापासून सुरुवात करतो, कारण नदीवरचे पूल बहुधा तिथूनच जातात. खांब प्रवाहात उभा असतो. वेगाने आलेले पाणी खांबाच्या तोंडावर अडते, खाली वळते आणि तळाशी भोवऱ्यासारखे फिरत खांबाभोवतीची वाळू, मुरूम, गोटे उपसून नेते. अभियंते याला स्कावर म्हणतात. खांब अखंड कातळावर बसवला असेल तर फारसे बिघडत नाही. पण जुन्या पुलांत काही खांब कातळावर आणि काही मुरमावर किंवा गोट्यांवर टेकवलेले असणे शक्य असते, कारण नदीच्या पात्रात कातळ सगळीकडे सारख्या खोलीवर लागत नाही. एकच खांब उघडा पडला आणि जरासा कलला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा तोल जातो. कमानीचे बळ एकमेकीला रेटण्यात असते. एक गेली की शेजारची टिकेलच असे नाही.

पाण्याशी आडवे न जाण्याचे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. वाईच्या घाटावर ढोल्या गणपतीचे मंदिर आहे, अठराव्या शतकात रास्त्यांनी बांधलेले. कृष्णेचा पूर दरवर्षी त्याच्याशी येऊन भिडतो. मंदिराची मागची भिंत मत्स्याकार आहे, पुढे निमुळती. पुराचे पाणी तिच्यावर फुटते आणि बगलेने जाते. पारच्या पुलाचे खांब आणि वाईच्या मंदिराची भिंत एकाच विचारातून आलेली आहेत. त्या कारागिरांनी नदी पावसाळ्यात पाहिली होती, हे त्यांच्या दगडांवरून कळते.

पायाच्या धुपीत सर्वांत फसवी गोष्ट अशी की ती स्वतःचा माग पुसते. पूर ऐन भरात असताना खांबाखाली खड्डा सर्वांत खोल असतो. पाणी ओसरू लागले की तोच खड्डा नव्या गाळाने भरून येतो. आठ दिवसांनी पाहणाऱ्याला पात्र सपाट दिसते. पण तो गाळ भुसभुशीत असतो, खांबाला त्याचा आधार नसतो, आणि पुढच्या पुरात तो पहिल्या तासात निघून जातो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला स्कोहॅरी क्रीक या नदीवरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ला असाच गेला आणि १० जण दगावले. खांबांभोवती संरक्षणासाठी टाकलेले मोठे दगड आधीच्या पुरांत वाहून गेले होते, ते पुन्हा पुरेसे टाकले गेले नव्हते. रस्ता वरून चांगलाच दिसत होता.

पोर्तुगालची गोष्ट तर महाडच्या इतकी जवळची आहे की वाचताना थबकायला होते. दोरू नदीवरचा हिंट्झ रिबैरो पूल १८८७ साली बांधलेला. ४ मार्च २००१च्या रात्री नदीला पूर असताना त्याचा एक खांब खचला. सहलीहून परतणाऱ्या लोकांची बस आणि काही मोटारी पाण्यात गेल्या आणि ५९ जण मेले. पूल दोन लहान गावांना जोडणारा होता. चौकशीत पुढे आले ते नदीतून वर्षानुवर्षे चाललेल्या वाळूउपशाचे कारण; पात्र खोल गेले होते आणि खांबाचा पाया उघडा पडला होता. संबंधित खात्याच्या मंत्र्याने लगेच राजीनामा दिला.

वाळूउपशाचे नाव निघाले की सातारा-सांगलीच्या वाचकाला अधिक सांगावे लागत नाही. पुलाजवळ उपसा करायला मनाई आहे, हे सगळ्यांना माहीत असते. पण खड्डा पुलाखालीच पाडला पाहिजे असे नाही. खालच्या अंगाला पात्र खोल केले की नदी तो उतार हळूहळू वर खेचत आणते, आणि काही पावसाळ्यांनी तो खांबापर्यंत पोचतो. धरणांचाही परिणाम आहे. बलकवडी, धोम, कण्हेर, कोयना यांसारखी धरणे गाळ अडवतात. खाली सोडलेले पाणी गाळाविना येते आणि आपला गाळ पात्रातून उचलते. शिवाय विसर्ग वाढवला की पाण्याची पातळी काही तासांत चढते. या नद्यांवरचे जुने पूल ज्या काळात बांधले, तेव्हा नद्यांचा स्वभाव हा नव्हता.

नदीला हात लावणारे खाते आणि पूल सांभाळणारे खाते वेगळे असते, यातून काय होते ते बिहारने २०२४च्या पावसाळ्यात दाखवून दिले. जून-जुलैच्या काही आठवड्यांत तिथे दहाहून अधिक पूल कोसळले, त्यांतले बरेच सिवान आणि सारण जिल्ह्यांतले लहान, गावागावांना जोडणारे होते. जलसंपदा खात्याने नदीतला गाळ काढताना पुलांच्या पायांची काळजी घेतली नाही, असे त्या सरकारनेच म्हटले आणि अभियंत्यांना निलंबित केले. आपल्याकडे नाला खोलीकरण आणि गाळ काढणे ही लोकप्रिय कामे आहेत, दुष्काळी गावांना त्यांचा फायदाही झाला आहे. मला त्या कामांबद्दल आदर आहे. पण पोकलेन पुलाच्या किती जवळ जाणार, हे ठरवायला पुलाची माहिती असलेला माणूस काठावर उभा हवा.

म्हणून तपासणी केव्हा आणि कशाची, हा प्रश्न कळीचा ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसने पुलांच्या तपासणी-देखभालीसाठी मार्गदर्शिका काढली आहे आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर पाहणी करावी हा तर बांधकाम खात्यातला जुना रिवाज. प्रत्यक्षात पावसाळ्याआधीची पाहणी होते, कारण तिची कागदोपत्री मागणी असते. नंतरची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, मागे पडते. खरे तर तीच जास्त बोलकी. पुराने काय नेले, कुठे दगड निखळले, खांबाचा तळ किती उघडा पडला, हे त्याच दिवसांत दिसते. शिवाय दुरुस्तीला अख्खा हिवाळा-उन्हाळा हाती असतो. मे महिन्याच्या अखेरीस दोष सापडला तर फक्त पत्र लिहायला वेळ उरतो.

स्ट्रक्चरल ऑडिट हा शब्द आता गावच्या ग्रामसभेतही रुळला आहे. कुंडमळ्यानंतर तर राज्यभर ऑडिटचे आदेश निघाले. ऑडिट आवश्यकच आहे, पण त्यात काय केले हे विचारायला हवे. हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकणे, रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाची ताकद पाहणे, ध्वनिलहरींनी आतल्या भेगा शोधणे, सळईच्या गंजाची विद्युत चाचणी, गरज पडल्यास भार टाकून पुलाची लवण मोजणे, पाण्यात असलेल्या खांबासाठी पाणबुड्या उतरवणे: हे सगळे ऑडिटमध्ये येऊ शकते, किंवा यातले काहीच न येता चार छायाचित्रांवर अहवाल बनू शकतो. १४ मार्च २०१९ला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल पडला, त्याला त्याआधीच्याच ऑडिटने किरकोळ दुरुस्ती करून वापरायोग्य ठरवले होते. महाड आणि हिमालय या दोन्ही ठिकाणी तपासणी झालेली होती. तपासणी झाली नव्हती ही तक्रार तिथे करताच येत नाही.

पायाच्या वरचा भाग तुलनेने सोपा आहे, कारण तो दिसतो. दगडी कमानीचा शत्रू म्हणजे झाडे आणि मुरणारे पाणी. वडा-पिंपळाचे एक रोप सांध्यात धरले की मूळ दगड सारते. पाणी जायची भोके बुजली की आतली भर भिजून बाजूच्या भिंती फुगतात. आणि दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे डांबर ओतले की पूल स्वतःच्याच वजनाने जड होतो. लोखंडी पुलाला गंज लागतो तो पाला-माती साचते त्या कोपऱ्यात, नेमका सांध्यापाशी. काँक्रीटच्या पुलाचा पापुद्रा सुटून सळई दिसू लागली, की आतली गंजण्याची क्रिया कधीचीच सुरू झालेली असते. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ला तुटला आणि १३५ माणसे गेली. चौकशी पथकाला मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या आढळल्या. दुरुस्तीनंतर पूल खुला होऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. रंगरंगोटी आणि दुरुस्ती या दोन गोष्टींतले अंतर याहून स्पष्ट दिसणार नाही.

ओझ्याचा मुद्दा मात्र आपल्या भागाचा खास आहे. जुने पूल बांधले ते बैलगाडी, टांगा, फार तर एखादी मोटार डोळ्यांसमोर ठेवून. आज हंगामात भुईंजच्या किसन वीर कारखान्याकडे किंवा कराड-वाळव्याच्या कारखान्यांकडे जाणारा ट्रॅक्टर उसाने वरपर्यंत भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत त्याच पुलावरून जातो, एकामागून एक, रात्रभर. कोल्हापुरी बंधारे तर वाहतुकीसाठी बांधलेलेच नव्हते. पाणी अडवायला बांधले आणि लोकांनी त्यांचा रस्ता केला. अमेरिकेतला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९२८चा. त्याच्यावरून धावणाऱ्या गाड्या चाळीस वर्षांत कितीतरी जड झाल्या, आणि १५ डिसेंबर १९६७ला, म्हणजे आपल्याकडे कोयनेचा भूकंप होऊन चारच दिवस झाले असताना, तो संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ४६ जण गेले. कारण निघाले ते पुलाच्या साखळीच्या एका दांड्यातली अडीच मिलिमीटरची भेग, जी सांधा उकलल्याशिवाय दिसणेच शक्य नव्हते.

त्या एका पुलानंतर अमेरिकेने कायदा केला आणि १९७१पासून महामार्गांवरच्या पुलांची ठरावीक काळाने, साधारणपणे दर दोन वर्षांनी, तपासणी सक्तीची झाली. स्कोहॅरीनंतर पाण्याखालची तपासणीही त्यात आली. आपल्याकडे महाडनंतर, ऑक्टोबर २०१६मध्ये, केंद्राने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. पुलाला ओळखक्रमांक, त्याची जन्मकुंडली, त्याच्या प्रकृतीचा शेरा, असे तिचे स्वरूप. ही चांगली सुरुवात होती. पण ती राष्ट्रीय महामार्गांपासून झाली, आणि खोऱ्यातल्या वाडीला जोडणारा साकव किंवा ओढ्यावरचा फरशी पूल महामार्गावर नसतो.

इथे दुसऱ्या चौकशीकडे यावे लागते: पूल कोणाचा? पाचगणीचे उदाहरण घ्या. नगरपालिकेची हद्द डोंगरमाथ्यावर संपते. पसरणी घाट उतरून वाईला गेले की वेगळी नगरपालिका. जोर खोऱ्यात किंवा जावळीच्या बाजूला उतरले की ग्रामपंचायती. रस्ता राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, बंधारा असेल तर जलसंपदा किंवा जलसंधारण. कधीकाळी आमदार-खासदार निधीतून, कधी श्रमदानातून, कधी एखाद्या योजनेच्या शिल्लक पैशातून उभा राहिलेला साकव कोणाच्याच नोंदवहीत नीट नसतो. नदी ही बहुतेक ठिकाणी दोन गावांची शीव असते, कधी दोन तालुक्यांचीही. पुलाचे एक टोक एकाच्या हद्दीत आणि दुसरे दुसऱ्याच्या. अशा पुलाचा नकाशा मागितला तर तो बहुधा मिळत नाही, आणि पाया किती खोल आहे हे न कळता त्याच्या सुरक्षेबद्दल सही करणारा अभियंता खरे तर अंदाजावर सही करत असतो.

पैशाचीही अशीच वाटणी आहे. देखभाल-दुरुस्ती ३०५४ या लेखाशीर्षातून होते, नवे बांधकाम ५०५४मधून. नव्या पुलाचे भूमिपूजन होते, नारळ फुटतो, कोनशिला बसते. कठड्याच्या दुरुस्तीला आणि पायाभोवती दगड टाकण्याला कोनशिला नसते, म्हणून ३०५४च्या पैशासाठी भांडणारा माणूसही सहसा नसतो. आणि तो तुटपुंजा पैसा रस्त्यावरच्या खड्ड्यांतच संपतो, कारण खड्ड्याबद्दल लोक ओरडतात. खांबाखालच्या खड्ड्याबद्दल ओरडायला तो दिसावा लागतो. माझे म्हणणे असे की पुलांच्या पायासाठी वेगळी, हात न लावता येण्याजोगी रक्कम जिल्हा नियोजन समितीने बाजूला काढावी. ती मोठी असण्याची गरज नाही. मोठे दगड, पायाभोवती काँक्रीटची फरशी (एप्रन) आणि मजुरी याला नव्या पुलाच्या मानाने फार थोडे लागते.

एवढे करूनही काही पूल बंद करावेच लागतात, आणि हे काम सर्वांत अवघड. कुंडमळ्याला धोक्याचा फलक होता. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपये मंजूर झालेले होते. पूल कागदावर धोकादायक होता आणि नदीवर उघडा होता. ज्यावरून दुचाकी जाऊ शकते तो पूल बंद नसतो. दोन्ही टोकांना काँक्रीटचे अडथळे किंवा भिंत आणि सुट्टीच्या दिवशी पोलीस, एवढे झाले तर तो बंद.

आणि गर्दी. अभियंत्यांच्या हिशेबात दाटीवाटीने उभ्या माणसांचा भार चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो धरतात. दोन मीटर रुंद आणि तीस मीटर लांब साकव माणसांनी भरला तर त्यावर तीस टनांपर्यंत वजन होते. शेतावर जाणाऱ्या दहा-वीस माणसांसाठी बांधलेला साकव हे ओझे कधी पाहतच नाही, जोवर त्याच्यावरून धबधबा किंवा पूर चांगला दिसतो ही बातमी पसरत नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या आजूबाजूची सगळी अर्थव्यवस्था पावसाळी पर्यटकांवर आहे. पूल बघायला येणारा पाहुणा पुलाच्या मधोमध थांबतो, कठड्याला टेकतो, फोटो काढतो. ही गर्दी येणार हे दर जूनमध्ये माहीत असते, तेव्हा कोणत्या साकवांवर ती जमते याची यादी तालुक्याला मेमध्येच करता येईल. पर्यटकांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही, तो माणूस परगावचा असतो, त्याला पुलाचा इतिहास कसा कळणार?

गावाचे दुःख वेगळे. पूल बंद केला की सकाळी दुधाची गाडी येत नाही, एसटी फाट्यावरूनच मागे फिरते, शाळेतली मुले आणि बाळंतीण दोघांनाही कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून गावकरी अडथळा बाजूला सारतात, आणि मी त्यांना बेपर्वा म्हणणार नाही. पर्याय न देता पूल बंद करणे म्हणजे जोखीम प्रशासनाच्या कागदावरून उचलून गावाच्या डोक्यावर ठेवणे. बंदीचा आदेश काढताना त्याच आदेशात वळणरस्त्याची दुरुस्ती, एसटीचा बदललेला मार्ग, रुग्णवाहिका कुठे थांबेल हे लिहिलेले असावे. हलक्या वाहनांना ठेवून जड वाहने थांबवणे हाही मधला मार्ग आहे, पण त्यासाठी उंचीचा अडथळा लोखंडाचा लागतो. तोंडी बंदी ऊसतोडीच्या हंगामात टिकत नाही. वाईत कृष्णेवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पाडून नवा बांधला गेला. जुन्या पुलाबद्दल हळहळलेल्या माणसांची भावना मी समजू शकतो, कारण दगडी पूल हे गावाच्या चेहऱ्याचा भाग असतात. पारच्या पुलासारखे जे पूल अजून ठणठणीत आहेत, त्यांना वाचवायचे तर त्यांच्यावरचे जड ओझे काढून शेजारी नवा पूल देणे हाच मार्ग दिसतो. महाडला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ला खुला झाला. मनात आणले तर किती लवकर होते, याचा तो दाखला आहे. त्यासाठी आधी माणसे जावी लागली हे विसरता येत नाही.

पुराच्या रात्री पूल कोणी आणि केव्हा बंद करायचा, याबाबत सांगली आपल्या सगळ्यांच्या पुढे आहे. १९२९मध्ये संस्थानाच्या काळात बांधलेला कृष्णेवरचा आयर्विन पूल आज अख्ख्या शहराची पूरपट्टी आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे सांगलीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आयर्विनला किती झाले, या एका आकड्यावर लोक सामान हलवायचे की नाही ते ठरवतात. हीच पद्धत प्रत्येक लहान पुलाला लावायला काय लागते? खांबावर तीन रंगांचे पट्टे आणि त्यांचा अर्थ सांगणारी एक पाटी. पाणी लाल पट्ट्याला टेकले की पूल बंद, वरून फोन येण्याची वाट न पाहता. तो अधिकार पोलीस पाटलाला आणि ग्रामपंचायतीला तहसीलदाराने पावसाळ्याआधीच लेखी द्यावा. महाडला त्या रात्री असा पट्टा आणि असा अधिकार असता तर, हा विचार मनातून जात नाही.

शेवटी पूल पुन्हा उघडण्याचा क्षण. पूर ओसरला, पाणी पुलाखाली गेले, की लोकांचा आणि पुढाऱ्यांचा दबाव सुरू होतो आणि पूल तासाभरात खुला होतो. धुपीचे गणित लक्षात घेतले तर हाच काळ सर्वांत जोखमीचा, कारण खांबाखालची जागा नुकतीच पोखरलेली असते. अभियंता यायला दोन दिवस लागतील, हे मान्य. पण पाणी शांत झाल्यावर काठावरून किंवा होडीतून वजन बांधलेली खुणांची दोरी प्रत्येक खांबाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला सोडायला गावातली चार माणसे पुरतात. तळाची खोली किती लागली ते ग्रामपंचायतीच्या वहीत खांबाच्या क्रमांकासह लिहावे, शेजारी गेल्या नोव्हेंबरचा आकडा असावा. वजन भुसभुशीत गाळात रुतत असेल तर तेही लिहावे. फरक हातभर निघाला तर त्या वहीचे पान शाखा अभियंत्याला त्याच दिवशी जावे, आणि त्याची सही येईपर्यंत एसटीने पलीकडच्या फाट्यावरच थांबावे.